भीमबेटका : रुळांशेजारचे चित्रदालन

उत्तरेकडे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची एक वहिवाट ठरून गेलेली असते. मुलांच्या परीक्षा आटोपल्या की सामान बांधावयाचे, दशम्या व लोणच्याची बरणी पिशवीत घालावयाची आणि गाडीत बसावयाचे. ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसी ही स्थानके पाठ झालेली असतात. भुसावळच्या फलाटावर मराठी कानी पडले म्हणजे प्रवास संपल्यासारखा वाटतो. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत आल्यापासून हा प्रवास किमान चाळीस वेळा केला असेल. आणि भोपाळ ते इटारसी हा टप्पा प्रत्येक वेळी एकतर झोपेत किंवा वर्तमानपत्रात घालविला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

याच लोहमार्गावरून 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकर जात होते. ते मात्र खिडकीबाहेर पाहत होते. वाकणकर हे तुम्हा-आम्हांसारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी गृहस्थ. जन्म 1919 साली नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. हाताने चित्रकार आणि वृत्तीने भटके. ओबेदुल्लागंजच्या आसपास विंध्याच्या टेकड्यांच्या माथ्यावर त्यांना बुरुजासारखे उभे राहिलेले खडक दिसले. त्या आकारांनी त्यांचे मन वेधून घेतले. पुढे ते पायी जंगल तुडवीत तेथे गेले, आणि भारतातील प्रागैतिहासिक चित्रकलेचे सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक उजेडात आले.

‘उजेडात आले’ हा शब्दप्रयोग जपून केला पाहिजे. आसपासच्या आदिवासींना ते स्थान ठाऊक होतेच. त्यांच्याकडून ऐकलेल्या माहितीवरून किनकेड नामक इंग्रज अधिकाऱ्याने 1888 साली त्याचा उल्लेखही केला होता. परंतु त्याने ते बौद्धांचे स्थान म्हणून नोंदविले आणि प्रकरण तेथेच थांबले. लोकांनी त्या जागेचा संबंध भीमाशी जोडला होता. भीमबेटका म्हणजे भीमाची बैठक. आपल्याकडे नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, तोच हा प्रकार. कर्ता ठाऊक नसलेले प्रत्येक मोठे काम आपण पांडवांच्या नावे जमा करून मोकळे होतो!

आम्ही बी. ए.ला इतिहास घेतला होता. पण आमच्या पाठ्यपुस्तकात अश्मयुगास दीड पान होते, आणि तेही ओबडधोबड दगडी हत्यारांनी भरलेले. त्यामुळे काही वर्षांपूर्वी कुटुंबासह भोपाळला मुद्दाम उतरून मोटारीने तेथे गेलो, तेव्हा मनात फारशी अपेक्षा नव्हती. भोपाळहून अंतर सुमारे 45 किलोमीटर. या डोंगररांगेत सातशेहून अधिक शैलाश्रय, म्हणजे पुढे आलेल्या खडकाखालील नैसर्गिक आसरे, आहेत. त्यांपैकी चारशेहून अधिक आसऱ्यांत चित्रे आहेत. सर्वसामान्य प्रवाशांसाठी जेमतेम पंधरा आसरे खुले ठेवले आहेत. पण ते पाहतानाच अर्धा दिवस केव्हा सरला ते कळले नाही.

‘प्राणिसंग्रहालय’ असे आधुनिक टोपणनाव पडलेल्या खडकापुढे तर आम्ही तासभर खिळून राहिलो. त्या एका खडकावर साडेचारशेच्या आसपास आकृती आहेत. हत्ती, सांबर, गवे, हरणे यांची दाटी झालेली. आणि ही दाटी एका पिढीची नव्हे. मध्याश्मयुगातील शिकाऱ्याने काढलेल्या जनावरावर दुसऱ्याने दुसरे काढले, त्यावर ऐतिहासिक काळातील कोणी घोडेस्वार काढले, ढाल-तलवारी घेतलेले. मागचे पुसून टाकण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत. आम्हांस आमच्या कचेरीतील जुन्या फायलींची आठवण झाली. प्रत्येक नवा अधिकारी आधीच्यांच्या टिपणीखाली आपली टिपणी लिहितो, कोणाचीही खोडीत नाही. आणि मग कोणती केव्हाची, हे शोधणे पुढच्याचे नशीब.

ते शोधण्याचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मोठ्या निष्ठेने केले. 1970 नंतरच्या दशकात एकीकडे वाकणकर, तर दुसरीकडे डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनने केली. पुराश्मयुगातील हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातील नखाएवढ्या गारगोटीच्या पात्यांपर्यंतचे थर एकावर एक सापडले; माणसांची दफनेही सापडली. म्हणजे माणूस येथे केवळ शिकारीच्या वाटेवर टेकला नव्हता, तर पिढ्यान् पिढ्या राहिला होता. त्याच सुमारास यशोधर मठपाल या कुमाऊँच्या चित्रकार-संशोधकाने डेक्कन कॉलेजच्या पदवीसाठी 133 चित्रित आसऱ्यांतील सहा हजारांहून अधिक आकृतींची मोजदाद केली आणि असंख्य चित्रांच्या नकला हाताने उतरविल्या.

त्या आकृतींत काय नाही? शिकार आहे, नाच आहे, मध काढणे आहे. पोटातील गर्भ दिसावा अशा रीतीने काढलेली गाभण जनावरे आहेत. ज्या प्रदेशात आज एकही गेंडा नाही, तेथे गेंडा आहे. एका खडकावर शिंगे असलेले, रानडुकरासारखे अवाढव्य श्वापद एका चिमुकल्या माणसाच्या पाठीस लागले आहे. असे जनावर पृथ्वीवर कधीच नव्हते. ते त्या माणसाच्या भीतीतून जन्मले असावे, असे आम्हांस वाटते. रंग मुख्यत्वे गेरूचा लाल आणि पांढरा, क्वचित हिरवा व पिवळा. खडकाच्या पुढे आलेल्या छपरामुळे पावसापासून बचाव झाला, म्हणून ते टिकले.

आमच्या सौ. एकदम उद्गारल्या, “अहो, ही तर वारल्यांची चित्रे!” साम्य भासते खरे; तेच रेघांचे हातपाय, तेच फेर धरून नाचणे. परंतु मध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे, आणि साम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह इतिहासात आवरता घ्यावा लागतो.

या मोहात थोर विद्वानही सापडतात. सर्वांत जुनी चित्रे कोणती, यावर वाकणकर व मठपाल यांचे एकमत झाले नाही. हिरव्या रंगातील नर्तक उत्तर पुराश्मयुगातील, असे वाकणकरांचे म्हणणे; मठपाल मध्याश्मयुगामागे जावयास तयार नव्हते. अलीकडची गोष्ट तर याहून मौजेची. ‘सभागृह’ म्हणविल्या जाणाऱ्या गुहेच्या छताशी पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या एका आदिजीवाचा ठसा आढळल्याचे 2021 साली जाहीर झाले. मोठा गाजावाजा झाला. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी पाहिले, तो ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. मूळ संशोधकाने चूक मान्य केली, हे विशेष.

आम्हांस खरी खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. सोहागीघाटची, मिर्झापूरकडील खडकचित्रे कार्लाइल या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याने 1867-68 मध्येच पाहिली होती. स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील जगप्रसिद्ध चित्रे उजेडात आली ती त्यानंतर, 1879 साली. परंतु कार्लाइलच्या टिपणांकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि जगभरच्या पुस्तकांत प्रागैतिहासिक कलेची कथा स्पेनपासून सुरू होत राहिली. भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत आले ते 2003 साली. ते पाहावयास वाकणकर नव्हते. 1988 मध्येच ते निवर्तले. 1975 साली त्यांस पद्मश्री मिळाली होती. तरी आमच्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत त्यांचे नाव विचारले, तेव्हा एकाही मुलास ते सांगता आले नाही, आणि खरे सांगावयाचे तर पालकांसही.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या गुहेच्या टोकाशी एका लहान मुलाच्या उजव्या हाताचा ठसा आहे. आमच्या धाकट्या कन्येने नकळत आपला पंजा त्या दिशेने पुढे केला. पहारेकऱ्याने वेळीच हटकले, ते योग्यच केले. कारण काही खडकांवर बदाम-बाणांसह आजकालच्या प्रेमिकांची नावे कोरलेली आम्ही पाहिली होती. मग तिने हात तसाच हवेत, खडकापासून वीतभर दूर धरून माप घेतले. तिचा पंजा किंचित मोठा भरला.

यंदाच्या सुटीत गावी जाताना भोपाळ सुटताच आम्ही वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि मुलांना खिडकीशी बसविले. समोरच्या बाकावरील नागपूरकर गृहस्थांनी विचारले, “काय पाहताय एवढं?” आम्ही वाकणकरांपासून सांगावयास प्रारंभ केला. जेमतेम 1957 पर्यंत आलो असू, तोच टेकड्या मागे पडल्या आणि गाडी बुधनीच्या घाटात शिरली.