शालीनतेचा दंडक आणि समाजाचा दबाव : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

स्त्रियांनी काय नेसावे, कोठे जावे, कोणासमोर यावे यासंबंधीचे नियम धर्मसमूहांनी बहुतांशी राजाज्ञेने नव्हे, तर सामाजिक दबावाने अमलात आणले. प्रस्तुत शोधनिबंधात अठराव्या शतकातील अहिल्याबाई होळकरांपासून २०२० मधील शिर्डीच्या फलकापर्यंत अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याशी निगडित प्रसंगांच्या आधारे या दबावाच्या कार्यपद्धतीचा वेध घेतला आहे. आवश्यक तेथे पुणे, मुंबई व कोकणातील समकालीन घटनांचा आधार घेतला आहे. दंडकाचा आशय काळानुसार बदलला. परंतु तो मध्यस्थांच्या द्वारे लादला जाणे आणि ज्या स्त्रीसाठी तो आहे तिला निर्णयात स्थान नसणे ही दोन वैशिष्ट्ये टिकून राहिली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : शालीनता, ग्रामण्य, केशवपन, सामाजिक बहिष्कार, वस्त्रसंहिता.

प्रस्तावना

मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द सीमा आणि शालीनता अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘मर्यादेने वागणे’ म्हणजे कोणीतरी आखलेल्या रेषेच्या आत राहणे, हा अर्थ भाषेनेच जपून ठेवला आहे. ही रेषा कोणी आखली, ती ओलांडणाऱ्यास कोणती किंमत मोजावी लागली आणि ती किंमत वसूल करणारी यंत्रणा कोणती, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासमोर येतात. शालीनतेविषयीची चर्चा बहुधा वस्त्रांविषयी होते. वस्त्रामागील यंत्रणेकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. अहमदनगर जिल्हा या दृष्टीने अभ्यासनीय आहे. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी, अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र असलेले नगर शहर, सत्यशोधकी पत्रकारितेचे तरवडी, तसेच शनिशिंगणापूर व शिर्डी ही देवस्थाने याच जिल्ह्यात आहेत.

अहिल्याबाई : दंडकाची दोन रूपे

अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव यांचा मृत्यू झाल्यावर सासरे मल्हारराव यांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्यकारभार पाहिला. सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य भारतविषयक ग्रंथात नोंदविले आहे की, वैधव्यानंतर त्यांनी रंगीत वस्त्रे व दागिने वर्ज्य केले. त्याच वेळी त्या दररोज खुल्या दरबारात बसून कामकाज पाहत असत.

या नोंदीतील दोन्ही भाग एकत्र वाचणे महत्त्वाचे आहे. वैधव्याच्या वेषाचा दंडक अहिल्याबाईंनी पाळला. स्त्रीने परपुरुषासमोर येऊ नये हा दंडक मात्र त्यांच्या कारभाराच्या आड आला नाही. म्हणजेच ज्याला सरसकट ‘परंपरा’ म्हटले जाते ती एकसंध नव्हती. कोणता नियम पाळावयाचा आणि कोणता नाही, हे ठरविण्याची मोकळीक सत्ता हाती असलेल्या विधवेला मिळाली. सामान्य घरातील विधवेला ती नव्हती. पुढील काळात त्यांच्या प्रतिमेतील पांढरे वस्त्र लोकस्मृतीत ठसठशीतपणे राहिले आणि खुला दरबार मागे पडला, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

उंबरठा आणि शाळा

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे आपले केंद्र सुरू केले. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार १८३९ पासून नगर येथे मुलींच्या शिक्षणाचे काम करू लागल्या आणि १८६२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते चालू राहिले. जोतीराव फुले यांनी नगर येथे त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले.

मुलीने शिकण्यासाठी उंबरठा ओलांडणे हेच त्या काळी मर्यादाभंगाचे लक्षण मानले जात होते. शिकलेली स्त्री विधवा होते, ती वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाही, असे समज सर्वत्र होते. परंतु या समजांना बळ कसे मिळाले, हे फुले दांपत्याच्या अनुभवातून स्पष्ट होते. समाजातील लोकांनी जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्यावर दबाव आणला आणि १८४९ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांना घर सोडावे लागले. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला थेट शासन करण्याऐवजी तिच्यावर माया असणाऱ्या वडीलधाऱ्याला कोंडीत पकडणे ही या दबावाची मूळ रीत होय. वडिलांनी घराबाहेर काढले म्हणजे समाजाला स्वतःहून काही करावे लागत नाही.

केशवपन, ग्रामण्य आणि न्हावी

ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय जातींतील विधवांचे केशवपन हा शालीनतेच्या दंडकाचा सर्वांत कठोर आविष्कार होता. विधवेचे सौंदर्य हा तिच्या व कुळाच्या शीलाला धोका आहे, या समजुतीतून तिचे रूपच नाहीसे करण्याची ही योजना होती. केस राखणाऱ्या विधवेला ‘सकेशा’ म्हणून धर्मकृत्यांतून दूर ठेवले जाई. तिच्या हातचे अन्न वर्ज्य मानले जाई. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता मिळाली, तरी या व्यवस्थेला फारसा धक्का बसला नाही. कायद्याने विवाह वैध ठरला; पण त्या विवाहाला पुरोहित, पंगत आणि सोयरीक मिळवून देणे कायद्याच्या हाती नव्हते.

१८६९ मध्ये मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळाच्या पुढाकाराने विवाह झाला तेव्हा त्याचे निमंत्रण देणाऱ्या सुधारकांवर बहिष्कार आला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे झालेल्या वादाचा निकालही पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनातील विधवा विद्यार्थिनीशी विवाह केला. त्यानंतर कोकणातील मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्यांना घरात घेतल्यास आई व भावावरही तो येईल, असा धाक घातला. येथेही दबावाचा रोख जवळच्या माणसांकडे आहे.

या पार्श्वभूमीवर १८९० मधील मुंबईची घटना विशेष उल्लेखनीय ठरते. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथील न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. दंडक शास्त्राच्या नावाने सांगितला जात असला तरी तो प्रत्यक्षात उतरविणारा हात न्हाव्याचा होता. त्या हाताने नकार दिल्यास शास्त्रार्थ निष्प्रभ होतो, हे या सभेने दाखवून दिले. मध्यस्थ हा दबावाचा वाहक असतो. तोच त्याचा दुबळा दुवाही असू शकतो.

सुधारकांनाही शालीनतेची भाषा टाळता आली नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. गोपाळ गणेश आगरकर यांच्या एका प्रसिद्ध निबंधाचे शीर्षकच ‘स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत’ असे आहे. त्यांचा हेतू स्त्रीच्या सोयीचा व आरोग्याचा होता, हे खरे. तथापि शीर्षकातील ‘च’ पुरुषाचा आहे. स्त्रीच्या वस्त्राविषयी निर्णय देण्याचा अधिकार सनातनी व सुधारक दोघांनीही गृहीत धरला होता.

तरवडीचा ‘दीनमित्र’ आणि नगरच्या लक्ष्मीबाई

मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते दीर्घकाळ चालविले. या पत्राने सत्यशोधक विचार ग्रामीण वाचकांपर्यंत नेला. पुरोहिताशिवाय विवाह लावण्याची सत्यशोधकी पद्धत ही केवळ दक्षिणा वाचविण्याची युक्ती नव्हती. पुरोहिताने विधी नाकारणे हे बहिष्काराचे प्रमुख शस्त्र असल्यामुळे, पुरोहिताची गरज संपविणे म्हणजे ते शस्त्र बोथट करणे होते.

याच जिल्ह्याशी निगडित असलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र दबावाची दुसरी बाजू समोर आणते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्या काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. पतीकडे परतल्यावरही प्रारंभी त्यांनी स्वयंपाक वेगळा ठेवला. बाहेरून आलेला दंडक मनात इतका मुरलेला असतो की, लादणारे दूर गेले तरी तो सुटण्यास काळ जावा लागतो. दबावाचा सर्वांत यशस्वी मध्यस्थ स्वतःचे मनच असते, हे या आत्मकथनातून प्रत्ययास येते.

बहिष्कारविरोधी कायद्यांची वाटचाल

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजबहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे तो रद्द ठरविला. त्यानंतर राज्यात अर्धशतकाहून अधिक काळ असा कायदा नव्हता. जातपंचायतींचे न्यायनिवाडे मात्र चालूच होते. पाथर्डी तालुक्यातील मढी येथील कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमातींच्या पंचायती भरत असत. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. तिची परिणती म्हणून २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या कायद्याने सामाजिक बहिष्काराच्या व्याख्येत, समाजाच्या सदस्याला विशिष्ट प्रकारची वस्त्रे घालण्यास भाग पाडणे या कृतीचाही समावेश केला आहे. वस्त्राची सक्ती हा सांस्कृतिक अडथळा असल्याचे कायद्याने मान्य केले, ही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची बाब होय. परंतु येथेच एक नवा प्रश्न उभा राहतो. भाग पाडले नाही, केवळ विनंती केली, तर काय?

शनिशिंगणापूर आणि शिर्डी

शनिशिंगणापूर येथील चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नसण्यामागे शालीनतेपेक्षा अशौचाची कल्पना होती. तेथील वादाचा येथे उल्लेख करावयाचा तो तुलनेसाठी. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखालील आंदोलक महिलांना सुपा येथे अडविण्यात आले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेशविषयक कायद्याच्या अंमलबजावणीकडे शासनाचे लक्ष वेधले आणि ८ एप्रिल २०१६ रोजी चौथरा स्त्रियांना खुला झाला. मनाई स्पष्ट असल्यामुळे तिला न्यायालयात आव्हान देता आले.

शिर्डीचे प्रकरण याहून वेगळे आहे. २०२० च्या अखेरीस साईबाबा संस्थानाने भाविकांनी सभ्य वा भारतीय संस्कृतीस अनुसरून पोशाख करून यावे, असे आवाहन करणारे फलक लावले. काही भाविकांच्या तक्रारींवरून हे आवाहन केले असून ती सक्ती नाही, असे संस्थानाचे म्हणणे होते. पुजारी उघड्या अंगाने असतात त्यावर कोणी आक्षेप घेत नाही, मग भाविकांच्या वस्त्रांवर का, असा प्रश्न तृप्ती देसाई यांनी उपस्थित केला. १० डिसेंबर २०२० रोजी त्यांना पुन्हा सुपा येथेच अडविण्यात आले. पुढे २०२३ मध्ये राज्यातील अनेक मंदिरांनी वस्त्रसंहिता जाहीर केली. तुळजापूर येथे मे २०२३ मध्ये लावलेले असे फलक त्याच दिवशी मागे घेतले गेले.

देवस्थानाचे पावित्र्य राखण्याची अपेक्षा अनाठायी नाही आणि सोवळ्याचे नियम पुरुषांनाही असतात, हा युक्तिवाद विचारात घ्यावा लागेल. मात्र शिर्डीचे संस्थान २००४ च्या राज्य कायद्याने नियंत्रित आहे. अशा संस्थेचा फलक ‘आवाहन’ म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याची अंमलबजावणी रांगेतील नजरांवर, सुरक्षारक्षकाच्या विवेकावर आणि सोबतच्या नातलगांच्या संकोचावर सोपविलेली असते. ‘सभ्य’ या शब्दाची व्याख्या फलकावर नसते; ती पाहणाऱ्याच्या मनात असते. त्यामुळे जिला अडविले जाते तिला दाद मागण्यासाठी आदेशच उपलब्ध नसतो.

निष्कर्ष

१. शालीनतेचा दंडक अपरिवर्तनीय नाही. अहिल्याबाईंचा खुला दरबार, केशवपनाचा अस्त आणि २०१६ मधील चौथरा-प्रवेश ही त्याची उदाहरणे होत.

२. दंडकाचे बळ धर्मवचनापेक्षा वडील, भाऊ, पुरोहित, न्हावी, सहभाविक अशा मध्यस्थांच्या सहकार्यात असते. मध्यस्थाने सहकार्य नाकारल्यास दंडक ढासळतो.

३. ग्रामण्याकडून आवाहनाकडे झालेली वाटचाल ही सौम्यतेची निश्चितच आहे. परंतु त्यामुळे दबाव कायद्याच्या कक्षेबाहेर सरकतो. एखाद्या विनंतीची परीक्षा तिच्या शब्दांवरून नव्हे, तर ती नाकारणाऱ्या स्त्रीचे पुढे काय होते यावरून करावी लागेल.

४. हा प्रश्न देवळापुरता मर्यादित नाही. चेंबूर येथील एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी इत्यादींवर घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी अंशतः स्थगिती दिली. वस्त्र घालण्याची सक्ती आणि ते उतरविण्याची सक्ती यांत निर्णयकर्ता एकच राहतो. प्राध्यापक हाही अशा नियमांचा मध्यस्थ असतो. वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थिनीशी काय बोलावे हे ठरविताना १८९० च्या न्हाव्यांची सभा त्याने आठवावी, एवढी या इतिहासाची अपेक्षा आहे.