प्लेगची लस आणि शास्त्रज्ञाचे दायित्व

विज्ञानाच्या प्रगतीबरोबर येणाऱ्या नैतिक जबाबदारीचा विचार आपल्याकडे बहुधा अणुशक्तीच्या अनुषंगाने केला जातो. परंतु हाच प्रश्न त्यापूर्वी सुमारे अर्धशतक मुंबई इलाख्यात प्लेगच्या निमित्ताने उपस्थित झाला होता. त्या प्रकरणाचे तीन टप्पे येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लसीचे काम आरंभिले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या बंदिवानांवर तिची परीक्षा केली. धोका आधी आपल्या अंगावर घ्यावा, हा त्याचा दंडक निःसंशय आदरणीय होय. तथापि बंदिवानाचे राजी होणे कितपत स्वतंत्र मानावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. मराठीत ‘कबूल होणे’ म्हणजे मान्यता देणे आणि गुन्हा पदरात घेणेही. तुरुंगाच्या भिंतीआड हे दोन अर्थ एकमेकांपासून फारसे दूर नसतात.

दुसरा टप्पा सरकारी उपायांचा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघरी झडत्या घेतल्या व लोकांना बळाने इस्पितळांत व छावण्यांत हलविले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी केलेल्या हल्ल्यात त्या संतापाची परिणती झाली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता हे खरे. पण उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे सिमाँचे मत १८९८ मध्ये पुढे यावयाचे होते आणि सर्वमान्य होण्यास त्याला आणखी काही वर्षे लागावयाची होती. म्हणजे सक्ती ज्ञानाच्या पुढे धावत होती. अपुऱ्या ज्ञानास पूर्ण ज्ञानाचा अधिकार देणे, हा शास्त्राच्या नावाने घडलेला अन्यायच म्हटला पाहिजे.

तिसरा टप्पा पंजाबातील मुल्कोवाल या गावचा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. चौकशीत मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका आला व हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. प्रत्यक्षात बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हे प्रकरण लावून धरले, तेव्हा कोठे हाफकिनवरील कलंक दूर झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.

या घटनेत दायित्व कोणा एकाचे नव्हते. लस तयार करणारा, ती वाहून नेणारा, बाटलीचे बूच काढणारा आणि मागाहून निर्णय देणारा, असे सर्वच त्यात बांधलेले होते. चौकशी हेही शास्त्राचेच अंग आहे. आधी दोषी ठरवून मग पुरावा पाहणारी चौकशी शास्त्रास बाधक ठरते.

आंबा घाटाच्या अलीकडील मलकापूर हे पूर्वी विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. अशा गावी दूरच्या प्रयोगशाळेतून आलेली लस म्हणजे परक्या माणसाने दिलेले वचन असते. बाटलीतील द्रव पारखण्याचे साधन गावकऱ्यापाशी नसते. तो विश्वासाने दंड पुढे करतो. मुल्कोवालच्या लोकांनीही तेच केले होते. त्या विश्वासास पात्र राहणे, हे शास्त्रज्ञाचे सर्वांत मोठे दायित्व होय. आपल्या भाषेत लस टोचतात आणि मनाला टोचणीही लागते. पहिली क्रिया करणाऱ्यास दुसरीचा विसर पडू नये, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.