केंदूरवरून जाणारा वारा

आषाढात केंदूरच्या माळावर डोक्यावरची टोपी धरून उभं राहावं लागतं, इतका वारा असतो. ढगही असतात, पण ते पूर्वेकडे पळत असतात. साठेक किलोमीटरवरच्या भीमाशंकरला तेव्हा झड लागलेली असते. तिथं वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस, आणि आपल्या शिरूर तालुक्यात पाचशे-सहाशे. जुनी माणसं याला नशीब म्हणत. मला मात्र या वाऱ्याचा इतिहास शोधावासा वाटला.

‘मोसमी’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला. मौसिम म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. आंब्याचा मोसम म्हणतो, तोच हा. आमच्या घरातल्या दखनीत आणि अंगणातल्या मराठीत तो सारखाच नांदतो, याचं मला कवी म्हणून कौतुक. अरबांची गलबतं नैर्ऋत्येचा वारा धरून इकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यानं परतत. इ. स. 916च्या सुमारास अल्-मसूदी हा प्रवासी चौलला येऊन गेला. वारा कधी फिरतो हे खलाशांना पाठ होतं. का फिरतो, हे कळायला मात्र काही शतकं जावी लागली.

1686मध्ये एडमंड हॅले यानं (धूमकेतूवाला, तोच) वाऱ्यांचा नकाशा छापला आणि कारण दिलं सूर्याचं. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा धावते. उन्हाळ्यात समुद्रापेक्षा जमीन जास्त तापते, म्हणून वारा जमिनीकडे येतो. पण विषुववृत्ताकडे जाणारे व्यापारी वारे सरळ न जाता तिरके का वाहतात, हे त्याला नीट सांगता आलं नाही.

ते सांगितलं जॉर्ज हॅडली या वकिलानं, 1735मध्ये, अवघ्या काही पानांत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण सगळीकडे सारख्या वेगानं नाही. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटरनं पूर्वेकडे जाते. आपलं केंदूर जातं ताशी 1580नं. हॅडलीचा विचार आपल्या वाऱ्याला लावून पाहा. विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येणारी हवा तिकडचा जास्तीचा वेग घेऊन येते आणि इथल्या जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे सरकते. म्हणून आपल्याला तो नैर्ऋत्येचा वारा. हॅडलीचं गणित पुढे दुरुस्त करावं लागलं, कल्पना मात्र टिकली. तरी त्याच्या हयातीत तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1793मध्ये जॉन डाल्टननं तीच गोष्ट पुन्हा स्वतंत्रपणे मांडली!

पृथ्वी फिरत नसती, तर हा वारा बराचसा दक्षिणेकडूनच, सह्याद्रीच्या कडेकडेनं गेला असता. वळतो म्हणून तो डोंगराला धडकतो, वर चढतो, गार होतो आणि कोकणात, घाटमाथ्यावर रिता होतो. पलीकडे उतरताना तापून कोरडा होतो, तो आमच्या वाट्याला. कोकणातला पूर आणि केंदूरची कोरडी विहीर, दोन्ही एकाच वळणाची लेकरं.

1928मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. 1944मध्ये ते दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात महाबळेश्वर येतं, भीमाशंकर येतं आणि केंदूरही येतं. या तिघांची मिळून सरासरी जुळली, की बातम्यांत पाऊस समाधानकारक असतो.