नाकतोडा आणि सील : वर्गीकरण व संवर्धन स्थिती

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतीय टोळ हा नाकतोडा आणि कॅरिबियन मंक सील हा सागरी सस्तन प्राणी यांच्यात देहरचना, अधिवास आणि संख्या या कोणत्याही बाबतीत साम्य नव्हते. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत आज दोघांचीही नोंद ‘नामशेष’ अशीच आहे.

वर्गीकरण

दोन्ही जाती प्राणिसृष्टीतील असल्या, तरी त्यापुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. टोळाचा समावेश संधिपाद संघ, कीटक वर्ग, ऑर्थोप्टेरा गण आणि ॲक्रिडिडी कुलात होतो. सील हा रज्जुमान संघ, सस्तन वर्ग, मांसाहारी गण आणि फोसिडी कुलातील प्राणी आहे.

काही नाकतोडे दाटी झाल्यावर रंग, रूप आणि वर्तन बदलून टोळ बनतात, हे बोरिस उवारोव यांनी १९२१ मध्ये मांडले. त्यामुळे रॉकी पर्वतीय टोळ ही हयात असलेल्या एखाद्या नाकतोड्याचीच अवस्था असावी, अशी शंका दीर्घकाळ व्यक्त होत होती. तसे असते, तर ती नामशेष ठरली नसती. संग्रहालयांतील नमुन्यांच्या डीएनए अभ्यासाने २००४ मध्ये ती स्वतंत्र जाती असल्याच्या मताला बळ दिले. कॅरिबियन सील पूर्वी मोनाकस प्रजातीत गणला जाई. २०१४ मध्ये हवाईयन मंक सीलसह त्याला निओमोनाकस या नव्या प्रजातीत स्थान देण्यात आले.

संवर्धन स्थिती

१८७५ मधील टोळधाडीने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले असावे, असा अंदाज आहे. त्यानंतर अवघ्या २७ वर्षांनी, १९०२ मध्ये, या जातीचे अखेरचे जिवंत नमुने कॅनडात मिळाले. टोळधाडी ओसरल्यावर ही जाती रॉकी पर्वतातील मोजक्या नदीखोऱ्यांत अंडी घालत असे. वसाहतकऱ्यांनी तीच जमीन नांगराखाली आणल्याने तिचा अंत झाला, असे मानले जाते. लाल यादीत तिला नामशेष ठरवण्यात आले ते २०१४ मध्ये.

सीलची शिकार कोलंबसच्या १४९४ मधील सफरीपासून नोंदली गेली आहे. पुढे चरबीपासून मिळणाऱ्या तेलासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. १९५२ मध्ये जमैका आणि निकाराग्वा यांच्या दरम्यानच्या सेरानिला बँक येथे तो अखेरचा खात्रीने दिसला. अमेरिकेने १९६७ मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले आणि २००८ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर केले.

अफाट संख्या टोळाला वाचवू शकली नाही आणि सीलला कायद्याचे संरक्षण मिळाले ते अखेरच्या दर्शनानंतर १५ वर्षांनी. मंक सीलच्या आता दोनच जाती उरल्या आहेत. त्यांपैकी हवाईयन सील ‘संकटग्रस्त’ गटात आहे, तर भूमध्य सागरी सीलची स्थिती सुधारल्याने २०२३ मध्ये त्याची नोंद ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ अशी करण्यात आली.