सोनखताचा हरवलेला अंश

धाकट्या पातीच्या मिरज संस्थानची राजधानी असलेल्या बुधगावच्या शेजारी वसलेल्या माधवनगरच्या आसमंतात आज उसाला, हळदीला अथवा द्राक्षाला जे नत्र मिळते ते बहुतांशी युरियाच्या गोणीतून मिळते, आणि ही गोणी आपल्या शेतीत इतकी रुळली आहे की तिच्या आधी नत्र कोठून येत असे हा प्रश्नच नव्या पिढीच्या मनात उद्भवत नाही. सिंद्रीचा खतकारखाना 1951 साली सुरू झाला, त्या वेळी हा मुलूख दक्षिण सातारा या नावाने दप्तरात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. तोवर येथील शेतकऱ्याची भिस्त प्रामुख्याने शेणखतावर, पेंडीवर, माणदेशातून उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्या रात्रभर शेतात बसविण्यावर आणि, शहर जवळ असल्यास, सोनखतावर म्हणजे माणसाच्या मैल्याच्या खतावर असे. मेंढ्या बसविल्याबद्दल धनगराला धान्य मोजून देणारा कुणबी लेंडीइतकेच मूत्राचे मोल जाणत होता, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण माणसाच्या बाबतीत मात्र हीच जाण कोठे तरी खंडित झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे आणि नाशिक येथील नगरपालिका शहरचा मैला राख व केरकचऱ्याबरोबर उथळ खड्ड्यांत वाळवून त्याची पूड खत म्हणून विकीत, आणि प्रारंभी विटाळाच्या कल्पनेने मागे सरणारे बागाईतदार मुठेच्या कालव्यावरील उसाचा उतारा पाहून तीच पूड आपखुषीने नेऊ लागले. पालिकेच्या जमाखर्चात ही उत्पन्नाची एक बाब झाली. परंतु या पद्धतीत एक मोठे वैगुण्य होते. माणसाच्या देहातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग मूत्रातून जातो. त्यातील युरियाचे जिवाणूंच्या योगाने काही दिवसांतच अमोनियात रूपांतर होते, आणि राखेसारख्या अल्कधर्मी द्रव्याचा संयोग होताच तो अमोनिया वाऱ्यावर उडून जातो. खड्ड्यात जी पूड उरे तिला सोन्याचे नाव मिळाले खरे, पण सोन्याचा मोठा वाटा मोरीत मुरला किंवा आकाशात गेला होता. जपानातील ओसाका शहरात याच्या कितीतरी आधी मैला घरमालकाच्या हक्काचा व मूत्र भाडेकऱ्याच्या हक्काचे अशी वाटणी असून दोहोंचा व्यापार पृथक चाले. इंदूरला कंपोस्टाची पद्धत सिद्ध करणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांनीही गोठ्यातील मूत्र मुरलेली माती खणून ती ढिगात घालण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे माणसाच्या मूत्राचा असा हिशेब कोणी मांडला नाही.

याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. सोनखत शेतकऱ्याला हवे होते. ते डोक्यावरून वाहून आणणारा मनुष्य मात्र कोणालाच जवळ नको होता, आणि एका जातीच्या माथ्यावर पाटी ठेवून सबंध समाजाने ज्या पदार्थाकडे पाठ फिरविली, त्या पदार्थाचा विचार शास्त्राने तरी का करावा? मुंबई सरकारने 1949 साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या जीवनस्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तोवर हा प्रश्न सरकारदरबारी दुय्यमच राहिला होता. तो प्रश्न स्वतःच्या हातांनी उचलणारा पुरुष मात्र त्याआधीच कोकणात निघाला होता. 1894 साली जन्मलेले सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेल्यावर अन्नत्याग केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यास असलेल्या गांधीजींनीही उपवास आरंभिला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी असा संडास रचला की त्यातील मैला माती व पालापाचोळ्याखाली कुजून खत होई, आणि जो त्याचा उपयोग करी त्यानेच ते खत निःसंकोचपणे उपसावे. खतातून विटाळ आणि विटाळातून दास्य ही साखळी तोडण्याचे जे काम त्यांनी केले, ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. देहूचे डॉक्टर सुहास मापुसकर यांनी तीच दिशा धरून संडासाला बायोगॅसची जोड दिली आणि आपल्या संस्थेला अप्पासाहेबांचे नाव दिले.

मूत्राचा विचार अद्याप शिल्लक आहे, आणि तो माधवनगरसारख्या गावाने करावा असा आहे. एक मनुष्य वर्षाला साधारणतः 500 लिटर मूत्र विसर्जित करतो. आपल्या आहाराच्या मानाने त्यात सुमारे 3 किलो नत्र धरले, तर 10,000 वस्तीच्या गावाचे 30,000 किलो नत्र होते, आणि सुरू उसाला हेक्टरी 250 किलोची शिफारस असल्याने, वाटेत काही गमावले नाही तर, 120 हेक्टर उसाची ती तरतूद आहे. स्फुरद व पालाश यांखेरीज. मूत्र झाकणबंद टाकीत सहा महिने साठविले की त्यातील रोगजंतू बहुतांशी आपोआप मरतात. मग पाण्यात मिसळून सरीत सोडावे व लगेच मातीने झाकावे, म्हणजे अमोनिया उडत नाही. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. मूत्रात मीठ असते, आणि कृष्णाकाठची पुष्कळ काळी जमीन अतिरिक्त पाण्याने आधीच क्षारपड झालेली आहे; तशा चोपण जमिनीत, निचऱ्याची व्यवस्था केल्यावाचून, ते वापरू नये.

सांगलीचे सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत जाते हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते शुद्ध करून धुळगावच्या शिवाराला देण्याची योजनाही आखली गेली. परंतु पाण्यात विरलेले नत्र पुन्हा गोळा करणे महाग पडते, ते विरण्याआधी वेगळे ठेवणे अत्यंत स्वस्त. शाळांच्या, बाजाराच्या व सूतगिरण्यांच्या मुताऱ्या नव्याने बांधताना त्यांची नळी संडासाच्या नळीपासून निराळी काढून एका बंद टाकीत सोडावी, आणि त्या टाकीची देखभाल योग्य वेतनावर व यंत्राच्या साहाय्याने करवून घ्यावी, एवढी विनंती ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांस व जिल्ह्यातील ऊसकऱ्यांस आहे.