किल्ली कुणाच्या खिशात?

परवा कंपनीत नव्या मुलांना लॉकआउट-टॅगआउट शिकवत होतो. दुरुस्तीआधी मशीन बंद करायचं, वीज तोडायची, स्विचला स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा, साठलेला दाब सोडायचा आणि शेवटी बटण दाबून खात्री करायची. एकाने विचारलं, "सर, नुसती पाटी लावली तर चालणार नाही का?"

आपले जुने वायरमन काम करताना किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवायचे. त्यांना हे कुणी प्रोजेक्टरवर शिकवलं नव्हतं!

मी मुलांना पायपर अल्फाची गोष्ट सांगितली. उत्तर समुद्रातला हा तेलाचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. तसा कागदही केलेला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून हा चालू करायला गेले. त्यांना त्या कागदाचा पत्ताच नव्हता. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा निष्कर्ष साधारण असाच होता. १६७ माणसं गेली.

अमेरिकेत ओशा या सरकारी संस्थेने १ सप्टेंबर १९८९ ला लॉकआउट-टॅगआउटचा नियम जाहीर केला. तो लागू झाला २ जानेवारी १९९० ला. मधल्या काळात, २३ ऑक्टोबरला, टेक्सासमधल्या पासाडेना इथे फिलिप्सच्या प्लास्टिक कारखान्यात स्फोट होऊन २३ जण गेले. रिअ‍ॅक्टरची तुंबलेली नळी साफ करणं चालू होतं. वरचा व्हॉल्व्ह बंद असायला हवा होता, पण त्याच्या हवेच्या नळ्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या आणि तो उघडा होता. त्याला कुलूप नव्हतं.

त्या नियमात एक गोष्ट मला फार आवडते. जिथे टॅग वापरतात, तिथे कामगारांना टॅगच्या मर्यादाही शिकवायच्या. टॅग फक्त इशारा देतो, कुणाचा हात धरत नाही.

शेवटी मुलांना माझी गोष्ट सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, प्रॉडक्शन अडलं म्हणून, मी एकाचा टॅग बाजूला सारून स्विच टाकला होता. तो तेव्हा चहाला गेला होता, म्हणून वाचला. त्याला मी हे कधीच सांगितलं नाही.

वर्गात कुणी बोललं नाही. मग मी प्रत्येकाला एकेक कुलूप दिलं. किल्ली एकच. दुसरी मागू नका म्हटलं.

असो.