काडतुसास चरबी कशासाठी?

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेचे आम्ही आजवर केवळ वाचक होतो. यंदा संपादक मंडळाने, "गुरुजी, इतिहासावर काहीतरी लिहून द्या," असा प्रेमाचा आग्रह धरला, तेव्हा फार दिवस मनात सलत असलेली एक गोष्ट कागदावर उतरवावी असे आम्ही ठरविले. ही गोष्ट म्हणजे एका विद्यार्थ्याचे आम्हांवर असलेले ऋण होय.

आम्ही चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. सन १८५७ च्या उठावाची कारणे सांगताना 'तात्कालिक कारण : गाईच्या व डुकराच्या चरबीची काडतुसे' हे वाक्य आम्ही प्रतिवर्षी फळ्यावर लिहीत असू. एके वर्षी मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? न लावता बंदूक उडत नाही काय?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. तसे सरळ कबूल करण्याऐवजी आम्ही म्हणालो, "हे परीक्षेत विचारीत नाहीत. खाली बैस." मुलगा खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा आम्ही केला. त्याचे फलित येथे थोडक्यात देत आहोत.

ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांस ठासणीची बंदूक सांगावयास नको. आमच्या गावी शेतीच्या राखणीसाठी परवान्याची अशी एक बंदूक होती. तोंडाकडून दारू ओतावयाची, वर गोळी सोडावयाची आणि गजाने ठासावयाचे. चार-पाच बार झाले की नळी आतून काळ्या राखेने माखे. मग घरी आल्यावर कढत पाणी ओतून ती धुवावी लागे. सोरा, कोळसा व गंधक यांची ही काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे उरतो. ही राख हवेतील ओल शोषते व नळीत चिकटून बसते. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या राखेत आहे.

उरलेले निम्मे गोळीच्या आकारात आहे. पूर्वीच्या सैनिकी बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. नळीचे तोंड सुमारे पाऊण इंच रुंद आणि शिशाची वाटोळी गोळी त्याहून बारीक. त्यामुळे ती झटकन आत जाई, पण उडताना नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर पडे व कोठेही जाई. सन १८४६ मध्ये इंग्लंडात चॅथम येथे या बंदुकीची रीतसर चाचणी झाली, तेव्हा दीडशे वारांपलीकडे बार काढण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष निघाला.

नळीच्या आत पेचदार आटे पाडले, म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते व नेम साधतो, ही गोष्ट युरोपात जुन्या काळापासून ठाऊक होती. अशा बंदुकीस रायफल म्हणतात. परंतु आट्यांत घट्ट बसेल एवढी मोठी गोळी तोंडाकडून आत दवडणे फार कष्टाचे. बारीक गोळी भराभर जाते पण नेम नाही. जाड गोळीला नेम आहे पण ती आत जात नाही. हा पेच सुटावा कसा? जाताना बारीक आणि येताना जाड अशी गोळी पाहिजे होती.

या कोड्याचे उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्यास आपल्याच देशात सापडले, हे वाचून आम्हांस मोठे नवल वाटले. कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिण हिंदुस्थानात असताना त्याने तेथील लोकांस फुंकनळीतून बाण मारताना पाहिले. बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा बसविलेला असे. फुंकर घातली की तो फुगून नळीस घट्ट भिडे व वारा बाजूने निसटत नसे. त्यावरून नॉर्टनने १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी केली. दारूच्या जोराने पोकळ बूड फुगावे व आट्यांत रुतावे, ही त्यातील कल्पना. वरिष्ठांनी ती नाकारली. पुढे १८३५ मध्ये विल्यम ग्रीनर या बंदूक-कारागिराने पाचर बसविलेली गोळी केली. टाइनमथ येथे ६० व्या रायफल पलटणीच्या सैनिकांनी ती उडवून पाहिली. गोळी चांगली चालली. तरी ती दोन तुकड्यांची आहे, या सबबीवर तीही नाकारण्यात आली. सन १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने बुडात लोखंडी वाटी बसविलेली गोळी सिद्ध केली, तेव्हा इंग्रज सरकारने तिच्यासाठी वीस हजार पौंड मोजले. ग्रीनर यास 'ही कल्पना प्रथम तुम्हीच मांडली' म्हणून एक हजार पौंड मिळाले ते १८५७ साली!

सन १८५२ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांनी इंग्लंडातील नामांकित कारागिरांकडून नव्या रायफलीचे नमुने मागविले. चांदमारीवर निरनिराळ्या नळ्या व निरनिराळ्या गोळ्या लावून त्यांची तुलना झाली आणि त्यातून १८५३ ची एन्फिल्ड रायफल जन्मास आली. अशा चाचणीची रीत आम्हांस गणिताच्या शिक्षकास शोभेल अशी वाटली. दारू तोलून घ्यावयाची, बंदूक अचल टेकूवर ठेवावयाची, ठराविक अंतरावरील लक्ष्यावर एका जातीच्या अनेक गोळ्या झाडावयाच्या. मग सर्व छिद्रांचा मध्यबिंदू काढून प्रत्येक छिद्राचे त्यापासूनचे अंतर मोजावयाचे व सरासरी घ्यावयाची. जिची सरासरी लहान, ती गोळी सरस. शिवाय नळी न धुता किती बार होतात, गोळी ठासण्यास किती जोर लागतो, हेही पाहावयाचे.

एन्फिल्डची नळी ३९ इंच, तिचे तोंड ०.५७७ इंच, आटे तीन. आणि साडेसहा फुटांत पेचाचा एक फेरा. म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा नेमका अर्धाच फेरा होई, व तेवढ्यावर तिचा नेम कित्येक शे वार टिके. प्रिचेट या लंडनच्या कारागिराची गोळी तिच्यासाठी पसंत झाली. वजन ५३० ग्रेन, म्हणजे आपल्या हिशोबाने जवळजवळ तीन तोळे; जाडी ०.५६८ इंच. नळी आणि गोळी यांत अंतर काय ते इंचाच्या नऊ सहस्रांशांचे! ही फट भरून काढण्यासाठी गोळीभोवती कागद गुंडाळलेला असे. गोळी, कागद व सुमारे साडेचार ग्रॅम दारू मिळून एक काडतूस होई. आणि गोळीकडील टोक मेण व चरबी यांच्या मिश्रणात बुडविलेले असे. कागद सुलभतेने आत सरकावा, राख मऊ राहावी आणि मागल्या बाराची राख पुढल्या गोळीने पुसून न्यावी, एवढ्यासाठी ते वंगण. ते नसते तर थोड्याच बारांनंतर गोळी नळीत अडकून बसली असती. चरबी कशासाठी, याचे पूर्ण उत्तर हे असे आहे.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शिपायाने दातांनी फाडावयाचे ते टोक दारूकडील होते. वंगण दुसऱ्या टोकास होते. दारू नळीत ओतून काडतूस उलटे करावयाचे व वंगणाचे टोक नळीत सारावयाचे, असा क्रम होता. परंतु पुडक्यात काडतुसे एकास एक लागून असत, हात माखत, उन्हाने वंगण पाघळे. ज्यास विटाळाची धास्ती आहे, त्यास टोकांचा हा भेद सांगून काय समाधान होणार?

एन्फिल्डच्या चाचण्या पुढेही चालूच होत्या. हाइथ येथे समुद्रकाठी १८५३ मध्ये नेमबाजीची सरकारी शाळा निघाली होती. तेथे १८५५ मध्ये असे आढळले की कारखान्यातून येणाऱ्या गोळ्या जाडीने सारख्या नाहीत व नेम बिघडतो. मग बुडात प्रथम लोखंडी वाटी व नंतर लाकडी गुडदी बसवून गोळी सुधारण्यात आली. इंचाच्या सहस्रांशाची चूकही त्या परीक्षकांच्या नजरेतून सुटली नाही.

आणि चाचणी केवळ इंग्लंडातच झाली असे नव्हे. सन १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसे मुद्दाम हिंदुस्थानात पाठविण्यात आली. येथील उष्ण हवेत वंगण टिकते की वितळते, हे पाहावयाचे होते. पहाऱ्यावरील शिपायांच्या पडतळ्यांत ती कित्येक महिने बाळगविण्यात आली आणि १८५५ मध्ये अहवालासह विलायतेस परत गेली. त्याच वेळी अ‍ॅडज्युटंट-जनरल कर्नल हेन्री टकर यांनी मिलिटरी बोर्डास कळविले होते की, या वंगणात शिपायांच्या जातिधर्मास बाध आणणारे काही नाही याची खात्री झाल्यावाचून ही काडतुसे देशी पलटणींस देऊ नयेत. इशारा स्पष्ट होता, लेखी होता, योग्य वेळी दिलेला होता. त्यावर काहीच झाले नाही. वंगण वितळते काय, हा प्रश्न विचारला गेला. ते कशाचे आहे, हा प्रश्न दप्तरात पडून राहिला. पुढे कलकत्त्याच्या शस्त्रागारात काडतुसे होऊ लागली, तेव्हा ठेकेदाराने आणलेली चरबी कोणत्या जनावराची, याची दक्षता घेतली गेली नव्हती. ही गोष्ट मागाहून सरकारी अधिकाऱ्यांनीच मान्य केली.

परिणाम सर्वश्रुत आहे. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे कुजबुज सुरू झाली. सरकारने त्याच महिनाअखेर शिपायांस आपले वंगण आपण लावण्याची मुभा दिली. पुढे काडतूस दातांऐवजी बोटांनी फाडण्याची कवाईतही काढली. परंतु तोवर संशय कागदावर जाऊन बसला होता. २६ फेब्रुवारीस बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उपसले व ८ एप्रिलला त्यांस फाशी झाली. २४ एप्रिलला मीरतेस ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसांस हात लावला नाही. वस्तुतः ती जुन्याच पद्धतीची होती. विश्वास एकदा उडाला म्हणजे निर्दोष वस्तूही दोषी ठरते. १० मे रोजी मीरतेस वणवा पेटला.

त्याच एप्रिल महिन्यात हाइथच्या चांदमारीवर आणखी एक चाचणी चालली होती. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांची षट्कोनी नळीची रायफल एन्फिल्डशी ताडून पाहण्यात आली. पाचशे वारांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट हटल्या, तर व्हिटवर्थच्या अवघ्या साडेचार इंच. युद्धमंत्री जातीने हजर होते. एकीकडे गोळी किती इंच हटते याचे सूक्ष्म मापन होत होते. दुसरीकडे ज्यांनी ती गोळी झाडावयाची, त्यांची मने किती हटली, याचे माप कोणापाशी नव्हते.

सन १८५७ च्या उठावास काडतूस हेच एक कारण होते, असे आम्ही म्हणत नाही. संस्थाने खालसा झाली होती, शिपायांचे भत्ते तुटले होते, रयत गांजली होती. दारूचे कोठार आधीच भरले होते. परंतु ठिणगी टाळता येण्यासारखी होती, एवढे मात्र खास. मेण व तेल किंवा तूप यांनीही काम भागण्यासारखे होते. पुढे १८५९ मध्ये हिंदुस्थानातील अनुभवावरूनच गोळीची जाडी ०.५५ इंचांवर आणण्यात आली व वंगणात मेणाचा अंश वाढविण्यात आला. १८६६ पासून मागून भरण्याची स्नायडर रायफल आली आणि पाठोपाठ पितळी काडतूस आले. चावण्याचा प्रश्नच मिटला. आपल्या पुण्याजवळ खडकीचा काडतूस-कारखाना निघाला तो १८६९ चा. त्या धामधुमीत वरसईहून उत्तरेस गेलेल्या विष्णुभट गोडसे यांनी वाटेत शिपायांच्या तोंडून ऐकलेली काडतुसांची हकीकत 'माझा प्रवास' या ग्रंथात नमूद केली आहे. तो ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा.

या साऱ्याचा विचार करताना आम्हांस राहून राहून आमचा वर्ग आठवतो. हाइथचे परीक्षक आळशी नव्हते, अप्रामाणिकही नव्हते. त्यांनी जे मोजावयाचे ठरविले ते काटेकोर मोजले. जे मोजावयाच्या यादीत नव्हते, ते त्यांस दिसले नाही. आणि ज्या एकाने ते दाखविले, त्याचे पत्र बाजूस ठेवले गेले. आम्ही तरी निराळे काय केले? परीक्षेत विचारीत नाहीत, म्हणून एका चौकस मुलास खाली बसविले. आपल्या संस्था, आपल्या सभा, आपली घरे येथेही नित्य काही ना काही ठरत असते. ज्यांच्या वाट्यास ते यावयाचे, त्यांस आधी विचारण्याची चाल आपण पाडली, तर पुष्कळ अनर्थ टळतील, असे आमचे नम्र मत आहे.

तो मुलगा आता प्रौढ गृहस्थ झाला असेल. कोठे असेल ते आम्हांस ठाऊक नाही. ही स्मरणिका त्याच्या हाती पडलीच, तर त्याने इतकेच समजावे की त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि गुरुजींनी उशिरा का होईना, उत्तर दिले आहे.